ताफा, तांडा, टोळी



आजच्या विषयाचे नाव वाचून काही मंडळींना वाटले असेल की, पोलीसखात्यातील कोणी निवृत्त अधिकारी आपल्या आठवणी सांगणार आहे. तसे काही नाही. मी शब्दांच्या पाठीमागे हिंडणारा एक साधा माणूस आहे, आणि ही हिंडण्याची खोड मला घरातल्या दोन वह्यांमुळे पुन्हा लागली.

पहिली वही माझ्या नातवाची. तो शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी करतो. त्या परीक्षेला ‘समूहदर्शक शब्द’ नावाचे एक प्रकरण असते. केळ्यांचा घड, द्राक्षांचा घोस, मेथीची जुडी, किल्ल्यांचा जुडगा, भाकरींची चवड, नाण्यांची चळत, आंब्यांची अढी, पक्ष्यांचा थवा, गुरांचा कळप. मुले हे पाढ्यांसारखे पाठ करतात. दुसरी वही माझ्या नातीची. ती संध्याकाळच्या वर्गाला स्पॅनिश शिकावयास जाते. पुण्यात परकी भाषा शिकणाऱ्यांची वाण कधीच नव्हती, आता तर घरटी एक निघतो. तिच्याही वहीत योगायोगाने असेच प्रकरण चालू होते : मेंढ्यांच्या समूहाला काय म्हणावे, ओझ्याच्या खेचरांना काय, मधमाश्यांना काय आणि माणसांना काय.

एके दिवशी तिने विचारले, “आजोबा, ‘ताइफा’ला मराठीत काय म्हणायचं?” मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणालो, “ताफा.” ती हसली. तिला वाटले आजोबांनी कोटी केली. मलाही तसेच वाटले. परंतु रात्री कोश काढून पाहिले, तेव्हा ती कोटी नव्हे, खरी गोष्ट निघाली.

अरबी भाषेत ‘ताइफा’ असा एक शब्द आहे. भोवती फिरणे या अर्थाच्या धातूपासून तो आला. मक्केस गेलेले यात्रेकरू काबेभोवती ज्या प्रदक्षिणा घालतात त्यांना ‘तवाफ’ म्हणतात, तोही याच धातूचा. ताइफा म्हणजे एका मध्याभोवती जमलेली मंडळी, गट, पंथ. इ. स. ७११ मध्ये अरब सैन्य स्पेनमध्ये उतरले, आणि पुढे कित्येक शतके तेथे अरबी भाषा नांदली. कॉर्दोव्हाची खिलाफत १०३१ मध्ये मोडली व तिचे तुकडे होऊन लहान लहान संस्थाने झाली. त्या संस्थानांना इतिहासात ‘ताइफा राज्ये’ म्हणतात. ती आपापसांत भांडत राहिली आणि एकेक करून बुडाली. आज स्पॅनिश कोशात ‘ताइफा’ या शब्दाचा एक अर्थ दुफळीतला एक पक्ष असा आहे, आणि बोलण्यातला अर्थ तर अगदीच वाईट : टवाळ, बेताल माणसांचे टोळके. ज्यांची राज्ये जातात त्यांच्या नावांचे बहुधा असेच होते.

तोच शब्द पूर्वेकडे निघाला, तो फारसीच्या हाताला धरून आपल्याकडे आला व ‘ताफा’ झाला. उत्तर पेशवाईतल्या पुण्यात कलावंतिणींचे ताफे असत. नाचणारी, तिचे सारंगीवाले, तबलजी, अशी सगळी मिळून ती मंडळी म्हणजे ताफा. आज ताफा म्हटला की आपल्याला मंत्र्यांच्या मोटारी आठवतात, कारण त्या आल्या की लक्ष्मी रस्त्यावर आपणांस उभे राहावे लागते. मध्ये एक बाई आणि भोवती तिचे साथीदार, याऐवजी मध्ये एक मंत्री आणि भोवती त्यांचे साथीदार. शब्दाने आपला मूळचा प्रदक्षिणेचा अर्थ सोडलेला नाही, हे मान्य केले पाहिजे.

याच ‘ताइफा’चे अरबी अनेकवचन ‘तवाइफ’. स्पेनमधल्या त्या संस्थानिकांना अरब इतिहासकार ‘तवाइफांचे राजे’ म्हणत. इकडे हिंदुस्थानात मात्र हे अनेकवचन एका एकट्या स्त्रीचे नाव झाले : तवायफ. पूर्वी सबंध मंडळीला लावलेले नाव त्या मंडळीतल्या एकीच्या कपाळी आले, आणि मग त्या एकीचे वेगळे नाव, गाव, आईबाप विचारण्याची कोणाला गरज राहिली नाही. समूहाचे नाव माणसाला कसे चिकटते, याचे हे पहिले उदाहरण. अशी आणखी येतील.

आता थोडे आपल्या घरात पाहू. अमरकोश आजही आपल्या पाठशाळांतून मुखोद्गत केला जातो. त्यात पशुपक्ष्यांच्या वर्गात अमरसिंहाने समूहांच्या नावांची नीट विभागणी केली आहे. सारख्यांचा समूह तो वर्ग. एका जातीच्या प्राण्यांचा तो कुल. पशुपक्ष्यांचा तो यूथ. एकाच धर्माने वागणाऱ्यांचा तो निकाय. आणि त्यातच एक जोडी अशी आहे की, ती कळली तेव्हा मी चष्मा काढून पुसला. पशूंच्या समूहाला तो ‘समज’ म्हणतो आणि इतरांच्या समूहाला ‘समाज’. फरक एका काना-मात्रेचा, किंबहुना नुसत्या कान्याचा!

हा अमरसिंहाचा लहरीपणा नव्हे. त्याच्याही कित्येक शतके आधी पाणिनीने यासाठी स्वतंत्र नियम केला होता. दोन्ही शब्द ‘अज्’ या धातूपासून होतात. अज् म्हणजे हाकणे. गुरे एकत्र हाकली की तो समज. माणसे एकत्र आली की तो समाज. आपण प्रार्थनासमाज म्हणतो, समाजसेवा म्हणतो, समाजशास्त्राच्या पदव्या घेतो. त्या सगळ्या भारदस्त शब्दांच्या मुळाशी एक गुराखी काठी घेऊन उभा आहे. ‘समज’ या अर्थाने तो शब्द मराठीत राहिला नाही; आपल्याकडचा ‘समज’ निराळ्या धातूचा, बुद्धीच्या गोतातला. तेव्हा समाजाला समज असते की नाही, ही कोटी व्याकरणाने सिद्ध करता येणार नाही.

या ‘अज्’चे भाऊबंद युरोपात आहेत. लॅटिनमधला ‘आगेरे’ हा धातू तोच. त्यापासून, बाहेर हाकलणे या अर्थाने, ‘एक्सामेन’ हा शब्द झाला. पोळ्यातून बाहेर पडलेला मधमाश्यांचा लोंढा असा त्याचा एक अर्थ, आणि तराजूचा काटा असा दुसरा. स्पॅनिशमध्ये पहिल्या अर्थाचा शब्द झिजून ‘एन्हाम्ब्रे’ झाला, आणि दुसरा न झिजता ‘एक्सामेन’ राहिला, तो म्हणजे परीक्षा. म्हणजे आपला समाज, स्पेनमधले मधमाश्यांचे मोहोळ आणि माझ्या नातवाची परीक्षा ही तिन्ही एकाच कुळातली भावंडे ठरतात. नातवाला सांगितले तेव्हा त्याने एवढेच विचारले, “परीक्षेत येणार आहे का?”

कळप हा शब्दही असाच गमतीचा आहे. त्याचे नाते संस्कृत ‘कलाप’ या शब्दाशी सांगतात. कलाप म्हणजे जुडगा, एकत्र बांधलेल्या वस्तू. मोराचा पिसारा तोही कलापच, म्हणून मोर कलापी. स्पॅनिशमध्ये कळपाला ‘मानादा’ म्हणतात, आणि कोशकार तो ‘मानो’, म्हणजे हात, या शब्दापासून आल्याचे सांगतात. एका हातात मावेल एवढे गवत किंवा गहू, तीही मानादाच. आपल्या भाषेत मूठ किंवा पेंढी म्हणता येईल. दोन अगदी दूरच्या मुलुखांत माणसाने जनावरांच्या समूहाकडे पाहिले, तेव्हा दोघांनाही आठवली ती मुठीत धरलेली, बांधलेली जुडी. मोजदाद आठवली नाही. हे मला महत्त्वाचे वाटते. समूहाचे नाव ‘किती’ याचे उत्तर क्वचितच देते. ते बहुधा सांगते, कोणाच्या हाती, कशाने बांधलेले, कोणी हाकलेले.

आपल्या माणदेशात गुरांच्या कळपाला ‘खिल्लार’ म्हणत, आणि त्यांना राखणारा तो खिल्लारी. आटपाडी, सांगोला, पंढरपूर या टापूत या गुरांची पैदास झाली आणि त्यांची कीर्ती एवढी झाली की, आज एकटा बैल दावणीला बांधलेला असला तरी आपण त्याला ‘खिल्लार बैल’ म्हणतो. तवायफ या शब्दाचे जे झाले तेच, पण येथे शब्दाची अब्रू वाढली! उंच शिंगांच्या, पांढऱ्या अंगाच्या बैलाला समूहाचे नाव मिरवताना काही कमीपणा येत नाही. माणसाच्या बाबतीत तसे का होत नाही, हे पाहण्यासाठी आता दोन शब्दांकडे जाऊ.

त्याआधी वाटेत एक ‘वाडा’ लागतो. पुणेकरांना वाडा म्हणजे चौक, कारंजे, दिंडीदरवाजा. मूळ संस्कृत शब्द ‘वाट’, म्हणजे कुंपण घातलेली जागा. मेंढरे घेऊन दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणाऱ्या आणि पावसाळ्याच्या तोंडी परत देशावर येणाऱ्या धनगरांची जी कुटुंबे एकत्र चालतात, तळ टाकतात, त्या सगळ्या बिऱ्हाडाला ते वाडाच म्हणतात. त्यात माणसे, मेंढरे, घोडी, कुत्री सगळी आली. पुण्यात राहून या वाड्यांचा अभ्यास करणारे जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर १९९२ मध्ये वारले. पेशव्यांचा वाडा दगडी आणि धनगरांचा चालता, दोन्ही कुंपणातूनच निघाले. याच कुंपणाने गावकुसाबाहेर जातीजातींचे वाडे केले. जातींची नावे असलेल्या वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. एवढा एक शब्द किती दारांतून आत-बाहेर करतो ते पाहा.

आता तांडा.

नातवाच्या वहीत एकाखाली एक दोन ओळी होत्या : ‘उंटांचा तांडा’ आणि ‘लमाणांचा तांडा’. त्याला हे खटकले. “माणसांना आणि उंटांना एकच शब्द कसा?” असे त्याने विचारले. प्रश्न शाळेतल्या गुरुजींपेक्षा इतिहासाला विचारावा असा आहे.

आगगाडीच्या आधी या देशात धान्य, मीठ, साखर दूरवर कशी जात असे? कोकणातले मीठ घाट चढून देशावर यावयाचे, देशावरचे धान्य खाली उतरावयाचे. त्या घाटांतून गाड्या जात नव्हत्या. सारा माल बैलांच्या पाठीवरच्या गोणींतून जाई, आणि ही वाहतूक मुख्यतः बंजाऱ्यांच्या हातात होती. लमाण हे त्यांचेच नाव, ‘लवण’ म्हणजे मिठावरून पडले असे सांगतात. बैलाची वाहतूक स्वस्त पडे याचे कारण साधे आहे. बैल चालता चालता चरतो. त्याच्या वैरणीचे पैसे पडत नाहीत. म्हणून तांडा सावकाश चाले, गवताच्या वाटेने चाले, आणि बायकामुलांसह चाले, कारण रस्ता हेच त्याचे घर होते. तांड्याचा मुख्य तो नाईक. किती बैल, कोणत्या बाजाराला, कोणत्या भावाने, हे तो ठरवी.

पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३२ च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानात प्रवास करीत होता. त्याला वाटेत धान्याने लादलेला चौदा हजार बैलांचा तांडा भेटला, आणि त्याने आपल्या रोजनिशीत ‘तांडा’ हाच शब्द लिहून ठेवला. चौदा हजार! एका बैलाला अडीच मीटर जागा धरून त्यांना एकामागे एक उभे केले, तर पहिला बैल तळेगावच्या आसपास असेल आणि शेवटचा शनिवारवाड्यासमोर. अर्थात ते असे एकेरी चालत नसत, माळ भरून चालत. फ्रेंच जवाहीर तावर्निये यानेही त्याच शतकात या लोकांचे वर्णन केले आहे. कोणी केवळ गहू वाहणारे, कोणी तांदूळ, कोणी डाळी, तर कोणी मीठ, असे त्यांचे चार भाग त्याने सांगितले.

लढाईच्या काळात तर तांड्यावाचून फौजेचे पाऊल उचलत नसे. १८०३ च्या एप्रिलात आर्थर वेलस्ली पुण्यात दाखल झाला आणि त्याच वर्षी शिंदे-भोसल्यांशी त्याच्या लढाया झाल्या. त्याच्या पत्रव्यवहारात तोफांइतकीच काळजी बंजाऱ्यांच्या धान्याची दिसते. असईची लढाई आपण शाळेत शिकतो. त्या फौजेच्या पोटात कोणाचे दाणे होते ते शिकत नाही.

तेव्हा उंटांचा तांडा आणि लमाणांचा तांडा असे दोन तांडे नव्हतेच. बैल, गोण्या, नाईक, बायका, पाळण्यातली मुले, रात्री राखणीला बसणारी कुत्री, या सगळ्यांचा मिळून एक तांडा. तो शब्द माणसाला जनावरात ढकलीत नव्हता. एकत्र चालणाऱ्या, एकमेकांवर पोट असलेल्या जिवांचे ते नाव होते. या समाजातली माणसे स्वतःला गोर किंवा गोरमाटी म्हणवितात, त्यांच्या गोरबोलीत शब्द ‘तांडो’ असा आहे, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटावा असे काही नाही. गंमत म्हणून सांगतो, स्पॅनिशमध्येही ‘तांदा’ असा शब्द आहे, आणि कामावर आळीपाळीने जाणाऱ्या माणसांच्या किंवा जनावरांच्या गटाला तो लावतात. परंतु ताफ्याचे नाते जसे सिद्ध होते तसे येथे नाही. दोन शब्दांचे नुसते तोंड सारखे दिसले म्हणून त्यांना भाऊ ठरवू नये. पुण्यात हा रोग बराच जुना आहे.

पुढे काय झाले ते आपल्या डोळ्यांसमोरच्या डोंगरात लिहिलेले आहे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. १८५८ मध्ये पुणे-खंडाळा, आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग. दहा वर्षांत घाटाच्या वरची आणि खालची टोके रुळांनी जोडली गेली. चौदा हजार बैलांनी जे महिन्याभरात न्यावयाचे ते वाघिणींतून दोन-चार दिवसांत जाऊ लागले. आपण या रुळांचे कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण त्या दिवशी पाठीवरची गोणी रिकामी झालेल्या माणसाने काय करावे, याचे उत्तर कोणी दिले नाही.

उत्तर मिळाले ते १८७१ च्या कायद्याने. गुन्हेगार जमातींचा कायदा म्हणून तो प्रसिद्ध आहे. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ च्या नव्या कायद्याने सर्व ब्रिटिश मुलुखात नेता येऊ लागला. अमुक माणसाने अमुक गुन्हा केला, असे त्या कायद्याला सिद्ध करावयाचे नव्हते. त्याच्या भाषेत एखादी ‘जमात, टोळी अथवा वर्ग’ गुन्हेगार ठरविता येत असे. म्हणजे आधी समूहवाचक नाव, मग त्या नावाखाली जन्मणारे मूल. नावनिशी नोंद, पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडावयाचे तर परवाना. फिरणे हाच ज्यांचा धंदा होता त्यांचे फिरणे हाच पुरावा झाला. बंजाऱ्यांचीही काही ठिकाणी त्यात नोंद झाली. पारधी, कैकाडी आदी जमातींची तर झालीच. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसविलेल्या वस्तीचे ‘सेटलमेंट’ हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, आणि तो दिवस या जमाती विमुक्तदिन म्हणून पाळतात. देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला होता. मधली पाच वर्षे मोजून पाहावीत.

तांडा हळूहळू थांबला. चालणाऱ्या समूहाचे नाव एका जागी बसलेल्या वस्तीचे नाव झाले, आणि मराठवाड्यात, विदर्भात कित्येक तांड्यांना पूर्वीच्या एखाद्या नाईकाचेच नाव राहिले. पुसदजवळच्या गहुलीत जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचे आडनाव म्हणजे तांड्याच्या मुख्याचेच पद. आज त्यांच्या नावाने तांडा-वस्ती सुधार योजना चालते. तरी अनेक तांडे स्वतंत्र महसुली गाव नाहीत. ते दुसऱ्या गावाच्या ग्रामपंचायतीच्या शेपटाशी जोडलेले असतात. रस्ता, पाणी, शाळा ही आधी गावाला आणि मग तांड्याला.

आणि टोळी? कायद्याने तो शब्द सोडला, पण आपण सोडला नाही. नातवाच्या वहीत ‘चोरांची टोळी’ होती आणि ‘माकडांची टोळी’ही. तिसरी एक टोळी वहीत नव्हती. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून आणि आसपासच्या कोरडवाहू भागातून माणसे ऊस तोडावयास निघतात. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात, चार-पाच महिने पालात किंवा खोप्यात राहतात. या मंडळीलाही टोळीच म्हणतात. तिच्यावर मुकादम. त्याने आधी दिलेली रक्कम ती ‘उचल’. ती फिटेपर्यंत हात बांधलेले. परंतु मला अधिक दचकविले ते त्यातल्या मोजण्याच्या शब्दाने. टोळीत किती माणसे, असे विचारत नाहीत. किती कोयते, असे विचारतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटाच माणूस आला तर अर्धा कोयता.

आतापर्यंत आपण समूहाचे नाव एकट्याला लागलेले पाहिले. येथे उलट आहे : हातातल्या हत्याराचे नाव दोन जिवंत माणसांना लागते. त्यांतल्या बाईची मजुरी नवऱ्याच्या नावावर पडते, कारण हिशेबाच्या वहीत ती निराळी नाहीच. तिचे पोर फडाच्या कडेला उसाच्या पाचटावर झोपलेले असते, ते तर कशातच मोजलेले नसते. आपण सकाळी चहात साखर घालतो, तेव्हा ती कोयत्यांनी तोडलेली असते, इतके म्हणणे भाषेच्या दृष्टीने बिनचूक आहे.

स्पेनमध्ये अलीकडे एका शब्दावरून मोठे काहूर उठले, ते सांगून मी आवरतो. २०१६ च्या जुलैत पाम्प्लोना गावच्या उत्सवात पाच पुरुषांनी एका तरुणीवर अत्याचार केला. त्यांनी आपल्या दूरध्वनीवरच्या गटाला ‘ला मानादा’, म्हणजे कळप, असे नाव दिले होते. ते नाव त्यांनी स्वतःच, मोठ्या फुशारकीने घेतले होते. कळपात असले की एकट्याची लाज एकट्याला वाटत नाही, हे त्यांना ठाऊक असावे. २०१८ मध्ये खालच्या न्यायालयाने तो बलात्कार नव्हे, त्याहून हलका गुन्हा ठरविला, तेव्हा देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्यांनी आपल्या घोषणांत तोच शब्द उचलला : तू एकटी नाहीस, आता तुझा कळप आम्ही. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बलात्कार ठरवून पंधरा वर्षांची शिक्षा दिली, आणि २०२२ मध्ये कायदाही बदलला. शब्द तोच, मुठीत धरलेल्या गवताचा. मूठ कोणाची, एवढाच फरक. माझ्या नातीने ही हकीकत मला सांगितली. तिच्या पुस्तकात ती नव्हती, शिकविणाऱ्या बाईंनी वर्गात सांगितली होती.

आपल्याकडे, कोणी न हाकता चालणाऱ्या समूहाला शब्द आहे. ज्येष्ठ-आषाढात पालख्या पुण्यात येतात तेव्हा तो आपण दरवर्षी पाहतो : दिंडी. तिला क्रमांक असतो, रथापुढे इतकी किंवा रथामागे इतकी. तिच्यात वीणेकरी असतो, टाळकरी असतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया असतात. मुकादम नसतो. जो येतो तो आपल्या पायांनी येतो आणि वाटेल तेव्हा घरी परत जाऊ शकतो. दिंडीत चालणाऱ्या माणसाला आपण ‘माउली’ म्हणून हाक मारतो. सगळे एकाच नावाचे, पण त्या नावाने कोणाचे नाव पुसले जात नाही. ऊस तोडून परत गेलेली माणसेही त्यांत असतात. तेव्हा ती कोयता नसतात.

नातवाला मी चौदा हजार बैलांची गोष्ट सांगितली. त्याने बराच वेळ विचार केला, मग शिसपेन्सिल घेऊन ‘लमाणांचा तांडा’ या ओळीपुढे बारीक अक्षरात लिहिले : ‘यात बैल पण असायचे.’ गुरुजींनी वही तपासली तेव्हा त्या ओळीवर प्रश्नचिन्ह केले. दुसऱ्या दिवशी नातू त्यांना सगळे सांगून आला. प्रश्नचिन्ह अजून वहीत आहे, पण वर्गातल्या आणखी तिघांच्या वह्यांत आता तीच ओळ आहे.